परमिट रूमचा स्टॉक रोज रात्री जुळत नाही? काउंटरवरच्या माणसाआधी मशीन तपासा

रात्री दीडला शटर अर्धं ओढायचं, खुर्च्या टेबलावर चढवायच्या आणि क्लोजिंगला बसायचं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओल्ड मंकच्या उघड्या बाटलीत अकरा स्मॉल (३० मिलीचे पेग) शिल्लक दिसतात. काउंटरवरची बाटली मोजली तर आठच निघतात. शेजारच्या व्हिस्कीचं उलटं, तिच्यात दोन पेग जास्त. मग कुणीतरी म्हणतं, "मारा ॲडजस्टमेंट, झोपू द्या." ॲडजस्टमेंट मारली की स्क्रीनवरचा आकडा बाटलीएवढा होतो आणि दुसऱ्या रात्री परत तोच घोळ उभा राहतो.

छोटी परमिट रूम किंवा बिअर बार चालवणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलेलं आहे. आमची जागा पुण्यात हडपसर बाजूला आहे. अकरा टेबलं, एक काउंटर, मागे किचन. वडिलांच्या काळात सगळं वहीत होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही बिलिंग मशीन घेतलं : काउंटरला एक कॉम्प्युटर, वेटरांकडे दोन टॅब, किचनला एक प्रिंटर, बारला एक. यंत्र चांगलंच आहे आणि ते मी परत काढणार नाही. पण पहिल्या दीड वर्षात या न जुळणाऱ्या स्टॉकनं आम्हाला जेवढं छळलं तेवढं वहीनं कधी छळलं नव्हतं. शेवटी कारणं सापडली. एक नव्हे, पाच-सहा निघाली, आणि ती एकमेकांत अशी मिसळलेली होती की एक दुरुस्त करून फरक पडला असं वाटतच नव्हतं. तुम्ही याच चक्रात असाल तर तुमचे महिने वाचावेत म्हणून सगळं लिहितोय.

हा फरक नुसता पैशांचा नाही. एक्साइजच्या (उत्पादन शुल्क खात्याच्या) एफएलआर रजिस्टरात, म्हणजे मद्याच्या नोंदवहीत, ब्रँडवार आणि साइजवार रोजची विक्री आणि शिल्लक चढवावी लागते. आजकाल ते रजिस्टर आणि चटई रिपोर्ट (सगळे ब्रँड आणि साइज एका रुंद तक्त्यात मांडणारा) याच सॉफ्टवेअरमधून निघतात. तपासणीला माणूस आला आणि त्यानं बाटल्या मोजायला घेतल्या, तर मशीन चुकलं हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. लायसन आपल्या नावावर असतं.

दोन नाही, तीन आकडे हवेत

आमची पहिली चूक ही की आम्ही फक्त दोनच आकडे बघत होतो, सॉफ्टवेअरची शिल्लक आणि बाटलीतली शिल्लक. त्या दोघांत फरक आला की एवढंच कळतं की काहीतरी चुकलंय. कुठे चुकलंय ते कळत नाही, आणि न कळलेल्या जागी संशय जाऊन बसतो.

तिसरा आकडा आम्हाला काउंटरवरच्या मामांनी दिला. मामा वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत, एकोणीस वर्षं. एका शुक्रवारी सकाळी मी त्यांना दोन वेटरांसमोर विचारून बसलो, "मामा, गुरुवारीच कसं काय कमी पडतं?" प्रश्न विचारला त्याच क्षणी तो लागट झालाय हे मला कळलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्यांनी जुन्या दिनदर्शिकेचं एक पान माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर ब्रँडची नावं आणि प्रत्येक नावापुढे रेघा होत्या, चार उभ्या आणि त्यांच्यावर आडवी पाचवी. गुरुवारभर ओतलेला प्रत्येक पेग त्यांनी मांडला होता. लार्जला, म्हणजे ६० मिलीला, दोन रेघा. आम्ही बाटल्या मोजल्या. मामांच्या रेघा बाटलीशी जुळल्या, सॉफ्टवेअरशी जुळल्या नाहीत.

मी त्यांची माफी त्याच दोन वेटरांसमोर मागितली. आणि त्या कागदावरूनच तपासाची पद्धत सापडली. तुम्ही हीच पद्धत वापरा. एकदम सगळा स्टॉक अंगावर घेऊ नका. सगळ्यात जास्त जाणारा एकच ब्रँड, एकच दिवस. सकाळी बाटली मोजून घ्या. काउंटरवाल्यानं दिवसभर ओतलेल्या प्रत्येक पेगची रेघ मारायची. रात्री तीन आकडे शेजारी लिहायचे : रेघांचा, सॉफ्टवेअरनं वजा केलेला आणि बाटलीतून खरा गेलेला.

रेघा आणि बाटली जुळतात पण सॉफ्टवेअर वेगळं बोलतंय, तर चूक ऑर्डरच्या वाटेत आहे किंवा सेटिंगमध्ये. रेघा आणि सॉफ्टवेअर जुळतात पण बाटली कमी आहे, तर माप सैल आहे, सांडतंय किंवा हिशेबाबाहेर ओतलं जातंय. तिन्ही वेगळे आले तर दोन्ही गोष्टी आहेत. अशा वेळी आधी सॉफ्टवेअर सरळ करा, कारण ते सरळ केल्याशिवाय माणसाबद्दल काहीही बोलण्याचा आपल्याला अधिकार पोचत नाही.

बाटली मोजायची म्हणजे डोळ्यांनी अंदाज नाही आणि पट्टीही नाही. बाटल्यांचे आकार वेडेवाकडे असतात. किचनमधला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. ४२.८ टक्के अल्कोहोलची रम, व्हिस्की, ब्रँडी पाण्यापेक्षा हलकी असते. ३० मिलीचा एक स्मॉल साधारण २८ ग्रॅम भरतो. प्रत्येक ब्रँडची रिकामी बाटली एकदा बूच काढून वजन करा आणि तो आकडा काउंटरच्या कपाटाला आतून चिकटवा. आमच्या काट्यावर ओल्ड मंकची ७५० ची रिकामी बाटली ४८२ ग्रॅम आली. रात्री उघडी बाटली ७६५ भरली, म्हणजे आत २८३ ग्रॅम, म्हणजे दहा स्मॉल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गोड लिक्युअरला हा हिशेब चालत नाही, साखरेमुळे ती जड असतात. त्यांची भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं घेऊन प्रमाण काढा. ब्रँडनं बाटलीची काच बदलली की रिकामं वजनही बदलतं, तेव्हा नवीन लॉट आला की एकदा परत बघा.

गुरुवारचं गौडबंगाल : प्रिंटरचा पत्ता

आता गुरुवार. फरक कुठल्या दिवशी जास्त येतो ते मी दोन महिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल टिपक्यांनी खुणावत होतो. टिपके एकाखाली एक, गुरुवारच्या रांगेत उतरत गेले. गुरुवारी आमच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं, दत्ताचा वार पाळणारे बरेच. गिऱ्हाईक कमी आणि फरक जास्त, म्हणून संशय आणखी वाढला. त्यात मामांच्या हाताखालच्या पोराची सुट्टीही गुरुवारची, म्हणजे काउंटरवर मामा एकटे. सगळं त्यांच्याकडेच बोट दाखवत होतं.

पण गुरुवारी आणखी एक गोष्ट होते. आमच्या भागात देखभालीसाठी लाईट जाते ती बहुतेक गुरुवारीच. लाईट गेली की राउटर बंद, आली की तो नव्यानं सुरू. नव्यानं सुरू झालेला राउटर जागेतल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) पुन्हा वाटतो. आमच्या बारच्या प्रिंटरचा पत्ता बुधवारपर्यंत १९२.१६८.१.१०५ होता, गुरुवारी दुपारनंतर तो १०८ झालेला असायचा. सॉफ्टवेअर मात्र १०५ लाच चिठ्ठी पाठवत बसायचं.

याचा परिणाम बघा. वेटर टॅबवर ऑर्डर टाकतो. "प्रिंटर सापडत नाही" असं येतं. टेबलावर माणूस वाट बघतोय, म्हणून तो ऑर्डर रद्द करतो, काउंटरला येतो आणि तोंडी सांगतो, "मामा, सातला दोन लार्ज." मामा ओततात. रद्द केलेल्या ऑर्डरचा माल सॉफ्टवेअर परत साठ्यात टाकतं. रात्री बिल करताना वेटर आठवून आठवून आयटम भरतो. सात नंबरला तीन लार्ज गेलेले असतात, बिलात दोन येतात. म्हणजे साठाही चुकला आणि पैसेही गेले. मधेच कुणीतरी सगळं बंद करून चालू करतो, कधी प्रिंटरला योगायोगानं जुना पत्ता परत मिळतो आणि छपाई सुरू होते. म्हणून कुणी तक्रारही करत नाही. आमच्याकडे हे कित्येक गुरुवार चाललं आणि वेटरांच्या लेखी ते "प्रिंटर कधी कधी नखरे करतो" एवढंच होतं.

तपासायचं असं. थर्मल प्रिंटर बंद करा, कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. बहुतेक नेटवर्कवाल्या प्रिंटरांवर एक चाचणीची पट्टी छापून येते आणि तिच्यावर त्याचा आयपी पत्ता असतो. तो सॉफ्टवेअरमधल्या पत्त्याशी ताडून पाहा. आमच्या दोन पट्ट्या, एक बुधवारची आणि एक गुरुवारची, अजून माझ्या पाकिटात आहेत. छपाई आता पुसट झाली आहे, पण १०५ आणि १०८ वाचता येतं.

उपाय दोन. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक क्रमांकाला (त्या यंत्राच्या स्वतःच्या कायम क्रमांकाला) एक पत्ता कायमचा राखून ठेवा. किंवा राउटर वाटतो त्या टप्प्याबाहेरचा पत्ता प्रिंटरमध्येच पक्का करा. मी राखीव पत्त्याची वाट धरली, कारण उद्या राउटर बदलला तर कुठे काय केलं होतं ते एका जागी दिसतं. जोडीला राउटर, बारचा प्रिंटर आणि काउंटरचा कॉम्प्युटर एका यूपीएसवर घेतले. किचनचा प्रिंटर तेवढा वेगळा ठेवला, पण तो भट्टीपासून लांब नेला. थर्मल कागद उष्णतेनंच काळा होतो. शेगडीजवळ टांगलेली केओटी (किचनच्या ऑर्डरची चिठ्ठी) अर्ध्या तासात आपोआप काळवंडते आणि आचारी अंदाजानं पदार्थ काढतो.

आणि एक नियम केला, जो कुठल्याही सेटिंगइतकाच महत्त्वाचा आहे. प्रिंटर बंद पडला तर ऑर्डर रद्द करायची नाही. ऑर्डर टॅबवर तशीच राहू द्यायची, कच्च्या चिठ्ठीवर टेबल नंबर आणि माल लिहून काउंटरला द्यायचा. चिठ्ठी मामांकडे खिळ्याला लागते. रात्री चिठ्ठ्या आणि टॅबवरच्या ऑर्डरी ताडल्या की संपलं.

आयटम मास्टर

गुरुवार सुटला तरी इतर दिवशीचा छोटा फरक राहिलाच. तो सगळा आयटम मास्टरमध्ये होता, म्हणजे कुठला आयटम विकला की साठ्यातून किती वजा करायचं ही जी यादी असते तिच्यात. मशीन बसवून देणारा मुलगा ही यादी घाईत भरून जातो आणि नंतर आपण तिच्यात वर्षानुवर्षं भर घालत राहतो.

सगळ्यात मोठी चूक लार्जची. नवीन ब्रँड आला की जुन्या आयटमची कॉपी मारून नाव बदलायची सवय असते. आमच्याकडे एका व्हिस्कीच्या स्मॉलची कॉपी मारून लार्ज केला होता. नाव बदललं, दर बदलला, पण वजावट ३० मिलीच राहिली. दिवसाला १८ लार्ज गेले की १८ स्मॉल स्क्रीनवर शिल्लक आणि बाटलीत नाहीत. हे रोजचं होतं, ठरलेल्या प्रमाणात होतं, आणि तीच त्याची खूण आहे. फरक जर विक्रीच्या ठरलेल्या प्रमाणात वाढत-घटत असेल तर तो बहुतेक वेळा माणसाचा नसतो, सेटिंगचा असतो.

दुसरी चूक लिटरची. ज्या ब्रँडची एक लिटरची बाटली येते ती खरेदीत ७५० च्या नावावर चढवली, तर प्रत्येक बाटलीमागे २५० मिली जास्त निघतात, म्हणजे आठ स्मॉल आणि वर थोडी. वाईट भाग हा की ही वाढ दुसऱ्या ब्रँडची तूट झाकते. आमची एकूण बेरीज कधी कधी झकास जुळायची आणि आम्ही खूश होऊन झोपायचो. बेरीज जुळण्याला काही अर्थ नाही. ब्रँडवार आणि साइजवार बघा. खरेदीची नोंद टीपीवरची (मालाबरोबर येणाऱ्या वाहतूक पासवरची) साइज समोर ठेवूनच करा.

तिसरी गोष्ट दशांशाची, आणि ही शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आमचं सॉफ्टवेअर साठा बाटलीत मोजत होतं आणि दशांशानंतर दोनच आकडे धरत होतं. ७५० च्या बाटलीला ते चालून जातं, कारण ३० भागिले ७५० बरोबर ०.०४ येतात. पण कमी खपाचे ब्रँड आम्ही क्वार्टरमध्येच, म्हणजे १८० मिलीच्या बाटलीतच घेतो आणि त्यातूनच पेग देतो. १८० तून ३० म्हणजे ०.१६६६, मशीन धरतं ०.१७. सहा स्मॉल विकले की एका क्वार्टरऐवजी १.०२ क्वार्टर वजा. लार्जला उलटं, ०.३३ तीनदा म्हणजे ०.९९. काही ब्रँडमध्ये थोडं जास्त, काहींत थोडं कमी, असा जो न कळणारा भुसा रोज उरतो तो इथून येतो. उपाय एका ओळीचा आहे : साठ्याचं एकक बाटली न ठेवता मिली ठेवा. रजिस्टरला बाटली आणि लूज असं लागतं, ते रिपोर्टमध्ये मशीन आपलं आपण भाग देऊन काढेल.

चौथी, डबल आयटमची. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं उत्पादन शुल्क वाढवायचा निर्णय घेतला आणि पाठोपाठ बाटल्यांचे दर बदलले. जुन्या दराचा माल कपाटात, नव्या दराचा दारात. अनेकांनी जे केलं तेच आमच्या काउंटरवरही झालं, त्याच ब्रँडचा "नवीन" असा दुसरा आयटम. वेटरच्या टॅबवर दोन नावं, बोट पडेल ते. एका नावात साठा उणे आणि दुसऱ्यात फुगलेला. दर बदलला तर आयटम तोच ठेवून दरच बदलायचा, तारीख टाकून. उणे साठ्याचा रिपोर्ट आठवड्याला एकदा काढा. उणे दिसणारी प्रत्येक ओळ म्हणजे डबल आयटम, राहून गेलेली खरेदी किंवा चुकलेली वजावट.

पाचवी सेटिंगमध्ये नाही, सवयीत आहे. गिऱ्हाईक क्वार्टर मागतं, सीलबंद क्वार्टर संपलेल्या असतात, मग खंब्यातून (७५० च्या बाटलीतून) १८० मिली ओतून दिले जातात. गिऱ्हाईक खूश, बिल क्वार्टरचं. मोजणीत मात्र मशीनपेक्षा एक क्वार्टर जास्त आणि खंबा सहा स्मॉलनं कमी. क्वार्टर नसेल तर टॅबवर ती संपली असं दाखवून तीन लार्जच लावायचे, दुसरा रस्ता नको.

हे सगळं साफ करायला श्रावण बरा. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, काउंटरला बसून एकेक आयटम उघडून बघता येतो. गटारीच्या तोंडावर मास्टरला हात लावू नका. त्या रात्री यंत्रानं आहे तसं चालणं सगळ्यात महत्त्वाचं.

बारा वाजता बदलणारी तारीख

मशीनची तारीख रात्री बाराला बदलते, बारचा दिवस दीडला संपतो. दिवसाचा रिपोर्ट बारापर्यंतचा, आणि बाटल्या मोजल्या दीडला. मधल्या दीड तासाचा माल रोज फरक म्हणून दिसतो. शनिवारी मोठा, सोमवारी किरकोळ.

आम्हाला हे कळलं ते ऑक्टोबरमध्ये. १ तारखेच्या रात्री अकराच्या सुमारास दिलेल्या मालाची दोन बिलं बारा वाजून दहा-वीस मिनिटांनी झाली, आणि रिपोर्टमध्ये २ ऑक्टोबरला, ड्राय डेच्या दिवशी, आमच्याकडे मद्याची विक्री छापून आली. तो कागद हातात आल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली. काही गैर केलेलं नसताना कागद तसं म्हणत होता.

सॉफ्टवेअरमध्ये "बिझनेस डे" किंवा "डे एंड" नावाची सेटिंग असते. ती पहाटे पाचला लावा. शिवाय साठ्याची वजावट बिलाच्या वेळेवर नको, बीओटीच्या (बारच्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या) वेळेवर धरा. ड्राय डेच्या आदल्या रात्री मात्र आम्ही माल वेळेत थांबवतो आणि बाराच्या आत सगळी बिलं करून हातानं दिवस बंद करतो. तिथे सेटिंगच्या भरवशावर राहत नाही.

रद्द, फुकट आणि वाया

या तीन गोष्टींना तीन वेगळी बटणं असतात आणि बहुतेक ठिकाणी तिन्हींसाठी एकच वापरलं जातं. ओतण्याआधी ऑर्डर रद्द झाली तर ती रद्द, माल साठ्यात परत. ओतून झाल्यावर गिऱ्हाईक "सोडा नको, पाणी हवं होतं" म्हणालं आणि ग्लास बेसिनमध्ये गेला, तर ते वाया; माल परत आलेला नाही. मालकानं ओळखीच्या माणसाला पाजलं तर ते फुकट, पण साठ्यातून गेलंय. ही तिसरी नोंद सगळ्यात जास्त चुकते आणि ती चुकवणारे आपण मालकच असतो. माझे काका येतात तेव्हाचा पेगही आता टॅबवर चढतो.

बिल छापल्यावर त्यात बदल करण्याचा हक्क फक्त एका लॉगिनला ठेवा, आणि पुन्हा छापलेल्या बिलावर "दुबार" असं आलंच पाहिजे. एकच छापील बिल दोन टेबलांना दाखवण्याचा प्रकार आमच्या धंद्यात जुना आहे. बिल डिलीट करण्याची सोय तर बंदच करून टाका. जीएसटीच्या नियमानं बिलाचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग लागतात. मधला क्रमांक गायब झाला तर त्याचं उत्तर सीएलाही देता येत नाही. चुकलेलं बिल रद्द म्हणून क्रमांकासकट राहू द्या.

कराचं थोडक्यात. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर व्हॅट. जेवणावर ५ टक्के जीएसटी. दोन्हींची बेरीज आणि मालिका वेगळ्या ठेवा. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, तेव्हा आम्ही ग्रुपचा दर बदलला आणि निश्चिंत झालो. दोन आयटमना वेगळा दर चिकटलेला होता, ते जुन्याच दरानं जात राहिले. दर बदलला की प्रत्येक आयटमचं एकेक चाचणी बिल बघितल्याशिवाय सोडू नका.

गल्ल्याचा फरक हा वेगळा विषय आहे, त्याला स्टॉकच्या फरकात मिसळू नका. २३४० च्या बिलात २००० यूपीआय आणि ३४० रोख आले, वेटरनं सगळं रोख म्हणून दाबलं, तर गल्ला चुकेल, बाटली चुकणार नाही. एका बिलाला दोन प्रकारचं पेमेंट लावायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. वेटरांना ती दहा मिनिटं बसून शिकवा.

मापाचं

यंत्र सरळ झाल्यावर जो फरक उरतो तो मापाचा. शिक्का असलेलं ३० आणि ६० चं मापच वापरा, आणि दोन्ही ठेवा. ३० च्या मापानं लार्ज ओतला की दोनदा काठोकाठ होतं आणि दोनदा थेंब ओघळतात. ७५० च्या बाटलीतून हिशेबानं २५ स्मॉल निघायला हवेत. माझ्या मते अर्ध्या पेगापर्यंतचा फरक सोडून द्यावा. गर्दीच्या रात्री तेवढं ओघळतंच, आणि थेंबाथेंबासाठी काउंटरवाल्याच्या मानगुटीवर बसलं तर तो माप आखूड भरायला लागतो. ते गिऱ्हाइकाच्या पहिल्यांदा लक्षात येतं.

एवढं झाल्यावर हेच मशीन मनापासून उपयोगी पडायला लागलं. कुठली क्वार्टर तीन आठवडे हललेली नाही ते दिसतं, त्यामुळे पैसे कपाटात अडकत नाहीत. शुक्रवारच्या आत किती पेट्या बिअर मागवायची ते मागच्या चार शनिवारांवरून कळतं. टेबलावरून उठून बाहेरच्या टेबलावर गेलेल्या मंडळींचं बिल त्यांच्यामागे आपोआप जातं. चकण्याची केओटी किचनला आणि पेगची बीओटी काउंटरला एकाच वेळी निघते, म्हणून ग्लास आधी आणि शेंगदाणे वीस मिनिटांनी असं होत नाही. क्लोजिंगला पूर्वी सव्वा तास जायचा, आता वीस मिनिटांत शटर पूर्ण खाली येतं आणि पोरं वेळेत घरी जातात.

मामांनी रेघांचा कागद सोडलेला नाही. रोज नाही, पण गुरुवारी तो काउंटरवर असतोच, जुन्या महिन्याच्या पानाची पाठ. परवाच्या गुरुवारी दुपारी दोन तास लाईट नव्हती. रात्री ओल्ड मंकच्या पुढे ३१ रेघा होत्या, मशीनवर ३१, आणि काट्यावर बाटल्या मोजल्या तर ३१ आणि वर दहा-बारा ग्रॅम. मामांनी ते दहा-बारा ग्रॅमही कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले.